जड शेतमाल पिकअपने ओढताना: गॅस की डिझेल, आणि त्याआधी विचारायचे प्रश्न

आम्ही टेक्ससमध्ये ऑस्टिनच्या पूर्वेला बारा एकर घेतले, शेळ्या आणल्या, गवताच्या गाठी ओढायला लागलो. तेव्हापासून इथल्या मराठी मंडळींचे फोन येतात. कुणी नुकती जमीन घेतलेली असते, कुणी छोटा ट्रॅक्टर. पहिला प्रश्न ठरलेला: गॅसचा ट्रक घेऊ की डिझेलचा? त्याच त्या प्रश्नांची उत्तरं एका जागी लिहून ठेवतो आहे. नियमांची उदाहरणं अमेरिकेतली, त्यातही बरीचशी टेक्ससमधली आहेत.

'गॅस' म्हणजे सीएनजी का?

नाही. इथे गॅस म्हणजे गॅसोलीन, आपलं पेट्रोल. गावाकडून आलेले वडील किंवा सासरे पंपावर मदतीला उतरले तर त्यांना हे आधी सांगा.

मग गॅस की डिझेल?

वर्षातून किती मैल जड ट्रेलर ओढणार, ते आधी कागदावर लिहा. 'जड' म्हणजे ट्रेलर आणि माल मिळून १०,००० पौंडांच्या वर, म्हणजे साडेचार टनांच्या पुढे. हा आकडा बहुतेकांना माहीतच नसतो आणि निर्णय शेजाऱ्याच्या ट्रककडे बघून होतो.

आता हिशेब. हेवी-ड्यूटी पिकअपमध्ये डिझेल इंजिनासाठी साधारण दहा हजार डॉलर जास्त मोजावे लागतात. समजा तुम्ही वर्षाला ६,००० मैल ट्रेलर ओढता. गॅसचा ट्रक ओढताना गॅलनला ९ मैल देतो आणि डिझेलचा १२, असं धरू. गॅसचे सुमारे ६६७ गॅलन लागतील, डिझेलचे ५००. गॅस ३ डॉलर २० सेंट आणि डिझेल ३ डॉलर ८० सेंट धरलं, तर गॅसचे २,१३४ डॉलर आणि डिझेलचे १,९०० डॉलर होतात. वाचले २३४ डॉलर. या गतीने दहा हजार वसूल व्हायला चाळीस वर्षं जातील. तुमच्या भागातले भाव घालून हिशेब पुन्हा करा, चित्र फारसं बदलत नाही. शिवाय डिझेलला इंजिन ऑइल जास्त लागतं, फिल्टर महाग पडतात.

मग डिझेल कुणी घ्यावं? दर आठवड्याला १२,००० ते २०,००० पौंड ओढणाऱ्याने. डोंगराळ भागात राहणाऱ्याने. ज्याचा ट्रक वर्षाला वीस-पंचवीस हजार मैल चालतो आणि दहा-बारा वर्षं ठेवायचा आहे, त्याने. अशा कामात डिझेलचा टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर, खरोखर उपयोगी पडतो. फोर्डच्या ७.३ लिटर गॅस व्ही-८ चा टॉर्क ४८५ पौंड-फूट आहे, त्यांच्याच ६.७ लिटर पॉवर स्ट्रोक डिझेलचा १,००० च्या वर. रॅममधलं सहा सिलिंडरचं कमिन्स आणि जीएमचं ड्युरामॅक्स हीसुद्धा त्याच ताकदीची. हा टॉर्क कमी आरपीएमवरच मिळतो, त्यामुळे चढाला इंजिन ओरडत नाही आणि गिअर सारखे बदलत नाहीत. दिवसभर ओढणाऱ्या माणसाचा थकवा यानं खरंच कमी होतो.

पण महिन्यातून दोनदा गवत आणणाऱ्याला, वर्षातून चारदा ट्रॅक्टर हलवणाऱ्याला मी गॅसच सांगतो. एफ-२५० किंवा २५०० वर्गातला (हे वर्ग पुढच्या प्रश्नात आहेत) गॅस ट्रक ही कामं वर्षानुवर्षं करतो. उरलेल्या दहा हजारांत चांगल्या ब्रेकचा, चांगल्या टायरचा ट्रेलर घ्या.

हाफ टन, थ्री-क्वार्टर टन, वन टन म्हणजे किती टन?

ही जुनी नावं आहेत. आजच्या क्षमतेशी त्यांचा संबंध उरलेला नाही. एफ-१५०, रॅम १५००, सिल्व्हराडो १५०० हे हाफ टन. २५० आणि २५०० हे थ्री-क्वार्टर. ३५० आणि ३५०० हे वन टन. वन टनात मागे चार चाकं असली की त्याला 'ड्युअली' म्हणतात.

जाहिरातीत १३,००० पौंड ओढतो असं लिहिलंय. मग माझा ९,००० पौंडांचा ट्रेलर हाफ टनला चालेलच ना?

बहुतेक वेळा नाही. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

जाहिरातीतला आकडा एसएई या वाहन-अभियंत्यांच्या संस्थेच्या जे२८०७ नावाच्या चाचणीप्रमाणे ठरतो. चाचणी चांगली आहे. ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमजवळचा लांब चढ, रणरणतं ऊन, एसी पूर्ण चालू. पण त्यात ट्रकमध्ये दोनच माणसं धरतात, प्रत्येकी १५० पौंडांची. तुमच्या ट्रकमध्ये बायको, दोन मुलं, मागे टूलबॉक्स, पाण्याचा कॅन आणि कुत्रा असतो.

ड्रायव्हरचं दार उघडा. चौकटीवर एक पिवळं-पांढरं स्टिकर दिसेल. माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांच्या वर जाऊ नये, असं त्यावर लिहिलेलं असतं. तो तुमच्या ट्रकचा पेलोड. जाहिरातीतला नाही, तुमच्याच ट्रकचा. समजा तिथे १,७०० आहे. ९,००० पौंडांच्या ट्रेलरचा १२ टक्के भार हुकवर येतो, म्हणजे १,०८०. उरले ६२०. घरची चार माणसं ५८० पौंडांची. वजन विभागणारा हिच (ट्रेलर जोडायचा सांधा) लावला तर आणखी १०० पौंड. झालं, मर्यादा ओलांडली, आणि अजून मागच्या हौद्यात एक फावडंही टाकलेलं नाही.

डिझेल घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. डिझेल इंजिन गॅसपेक्षा काही शे पौंड जड असतं. त्यामुळे थ्री-क्वार्टर टन ट्रकमध्ये डिझेल घेतलं की ओढण्याची क्षमता वाढते, पण पेलोड बऱ्याचदा त्याच मॉडेलच्या गॅस ट्रकपेक्षा कमी भरतो. गूजनेक ट्रेलर (हौद्यातल्या गोळ्याला जोडायचा) लावणाऱ्याला हा फरक फार महाग पडतो.

माझ्या मालाचं वजन मला कसं कळणार?

अंदाजासाठी काही आकडे पाठ करून ठेवा. कोस्टल बर्म्युडा गवताची पाच बाय पाच फुटांची गोल गाठ साधारण १,००० पौंड. पाच बाय सहाची १,२०० ते १,५००. लांब ट्रेलरवर १,००० पौंडांच्या आठ गाठी चढवल्या तर माल ८,०००, आणि ट्रेलरचं स्वतःचं वजन पाच-सहा हजार. दोन सुतळ्यांची छोटी चौकोनी गाठ ४० ते ६० पौंड. मोठी गाय १,२०० ते १,४००. पंचवीस हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर लोडर आणि मागच्या अवजारासकट तीन ते चार हजार.

पाण्यात लोक हमखास चुकतात. एक गॅलन पाणी ८.३४ पौंड. पिंजऱ्यातली ती पांढरी २७५ गॅलनची टाकी भरली की सुमारे २,३०० पौंड, म्हणजे हाफ टनच्या हौद्यात ठेवायचीच नाही. अर्धी भरलेली टाकी तर आणखी वाईट, कारण पाणी वळणावर एका बाजूला आणि ब्रेक लावताना पुढे धावतं. टाकीत आडव्या पट्ट्या नसतील तर ती पूर्ण भरा किंवा पूर्ण रिकामी न्या.

पण अंदाज तो अंदाजच. निदान पहिल्या काही खेपांना काट्यावर जा. हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल नावाचा वजनकाटा असतो. पुढचा आस, मागचा आस आणि ट्रेलर, तिन्हींची वेगळी वजनं छापून पावती देतात. गावातल्या धान्याच्या एलिव्हेटरवर (धान्य साठवायच्या कोठारावर) किंवा शेतकऱ्यांच्या को-ऑपमध्येही काटा असतो, विचारलं तर बहुतेक ठिकाणी वजन करू देतात. ऊस कारखान्यावर घालणाऱ्या घरातून आलेल्या कुणालाही काट्याचं महत्त्व समजावावं लागू नये. तिथे पैशासाठी काटा बघत होतो, इथे जिवासाठी बघायचा.

ट्रेलरवर माल पुढे ठेवायचा की मागे?

माझे आजोबा वाळवा तालुक्यात बैलगाडी हाकायचे. गाडी भरताना ते एकच शब्द बोलायचे: उलाळ. भार आखाच्या मागे गेला की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं आणि बैलांना जोर लावता येत नाही. भार फार पुढे आला तर सगळं ओझं मानेवर बसतं आणि बैल दमतात. जू मानेवर टेकलेलं राहील, पण रुतणार नाही, अशी गाडी भरायची.

ट्रेलरचंही अगदी तसंच आहे. मागच्या बंपरच्या हिचला लावलेल्या ट्रेलरचा एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हुकवर यायला हवा. गूजनेकला १५ ते २५ टक्के. त्याहून कमी झाला की ट्रेलर उलाळ, आणि उलाळ ट्रेलर वेगात डुलायला लागतो. फार जास्त झाला तर ट्रकची मागची बाजू बसते, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग सैल लागतं आणि रात्री समोरच्याच्या डोळ्यांवर दिवे जातात.

ट्रॅक्टर चढवताना आधी इंजिनाची बाजू पुढे करून चढवा, मग फूटभर पुढे-मागे सरकवून ट्रकची मागची बाजू किती बसते ते बघा. जागा सापडली की ट्रेलरच्या फळीवर रंगाने खूण करून ठेवा. मागे जड अवजार बदललं तर ती खूण चालणार नाही, पुन्हा शोधावी लागेल.

बंपरचा हिच की गूजनेक?

गूजनेकचा गोळा हौद्यात, मागच्या आसाच्या जवळपास वर किंवा किंचित पुढे असतो. त्यामुळे भार ट्रकच्या चारही चाकांवर नीट वाटला जातो आणि डुलणं जवळजवळ थांबतं. १०,००० पौंडांच्या वरचं काम नेहमीचं असेल तर गूजनेकच घ्या, दुसरा विचार करू नका. मात्र १३,५०० पौंडांच्या गूजनेकचा २० टक्के भार म्हणजे २,७०० पौंड थेट पेलोडमधून जातात. हाफ टन तिथेच बाद होतो.

ट्रकचे ब्रेक चांगले आहेत. ट्रेलरला वेगळे ब्रेक हवेतच का?

हवेतच. टेक्ससमध्ये ४,५०० पौंडांच्या वरच्या ट्रेलरला ब्रेक लागतात, अनेक राज्यांत ही मर्यादा ३,००० आहे. कायदा बाजूला ठेवला तरी १४,००० पौंडांचा माल मागून ढकलत असताना ७,००० पौंडांच्या ट्रकने दोघांना थांबवावं ही अपेक्षाच चुकीची आहे.

बहुतेक ट्रेलरना इलेक्ट्रिक ब्रेक असतात आणि ट्रकमधल्या कंट्रोलरने त्यांचा जोर ठरवता येतो. त्याला 'गेन' म्हणतात. माल भरल्यावर रिकाम्या रस्त्यावर २५ मैलांच्या वेगाने जा, फक्त ट्रेलरचा ब्रेक हाताने पूर्ण दाबा. ट्रेलरची चाकं जाम होऊन घासली तर गेन कमी करा. ट्रेलर नुसताच रेंगाळला तर वाढवा. माल उतरवल्यावर गेन पुन्हा खाली आणायला विसरू नका, रिकाम्या ट्रेलरची चाकं ओल्या रस्त्यावर पटकन जाम होतात.

ट्रेलर सुटलाच तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारा एक छोटा स्विच असतो, त्याची तार आणि ट्रेलरवरची बॅटरी. जुना ट्रेलर विकत घेतला तर आधी ती बॅटरी तपासा. आम्ही घेतलेल्या ट्रेलरची बॅटरी पूर्ण मेलेली होती आणि विकणाऱ्याला बहुधा ते ठाऊकही नव्हतं. ती मेलेली असेल तर स्विच असून नसल्यासारखा.

ट्रेलर डुलायला लागला तर काय करायचं?

ॲक्सिलरेटरवरचा पाय काढा. ट्रकचा ब्रेक दाबू नका. स्टिअरिंग सरळ धरून ठेवा, ट्रेलरच्या उलट वळवून त्याला सावरायला जाऊ नका. कंट्रोलरवरची पट्टी सरकवून फक्त ट्रेलरचा ब्रेक हळूच लावा. ट्रेलर मागे खेचला जातो आणि सरळ होतो.

हे मी अनुभवाने सांगतो. ट्रॅक्टरला मागे नवा रोटाव्हेटर लावला होता, खूण मात्र जुनीच धरली. महामार्गावर उताराला ६५ मैलांवर ट्रेलर आधी हलका, मग जोरात शेपूट मारायला लागला. पाय आपोआप ब्रेककडे गेला होता, नशिबाने तिथेच थांबला. हात कंट्रोलरवर नेला आणि वाचलो. त्या दिवसापासून माल लादून ६० च्या वर जात नाही. मागे रांग लागली तरी हरकत नाही.

डोंगरात कोणता ट्रक चांगला?

इथे डिझेल उघडपणे पुढे आहे, दोन कारणांनी.

एक, हवा. टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) नसलेलं गॅस इंजिन दर १,००० फुटांमागे साधारण तीन टक्के ताकद गमावतं. कोलोरॅडोत आय-७० वरचा आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांच्या वर आहे. तिथे पोचेपर्यंत ४३० हॉर्सपॉवरच्या गॅस इंजिनाच्या ताकदीतले सुमारे एक तृतीयांश गेलेले असतात. टर्बो डिझेल पातळ हवेतही दाब भरून काढतो.

दोन, उतार. डिझेलमध्ये एक्झॉस्ट ब्रेक असतो. टर्बोच्या पाकळ्या मिटतात, धूर बाहेर पडायला अडतो आणि इंजिनच ट्रकला मागे धरून ठेवतं. लांब उतारावर ब्रेकला पाय न लावता वेग टिकतो. गॅस ट्रकला हा आधार बराच कमी. टो-हॉल मोड (जड ओढताना लावायचं गिअरचं सेटिंग) लावा, चढताना ज्या गिअरमध्ये होता त्याच्या आसपासच्या गिअरमध्ये उतरा आणि ब्रेक सतत दाबून ठेवू नका. दाबा, वेग कमी करा, सोडा. वास यायला लागला म्हणजे ब्रेक तापलेत. बाजूला थांबा.

सपाट मध्य टेक्ससमध्ये राहणाऱ्याला यातलं फारसं लागत नाही.

डिझेलमधल्या धूर स्वच्छ करणाऱ्या यंत्रणेची आणि तिच्यातल्या डीईएफ द्रवाची कटकट किती?

रोज लांब चालणाऱ्या ट्रकला काहीच नाही. रोज चार मैल शाळेत आणि परत जाणाऱ्याला बरीच. आजच्या डिझेल ट्रकमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो आणि तो साफ व्हायला धूर खूप गरम व्हावा लागतो. छोट्या फेऱ्यांत तो तापत नाही, चोंदतो. डिझेल घेऊन त्याला गावातल्या गावात फिरवणं हे त्या इंजिनावर अन्यायाचं आहे.

डीईएफ म्हणजे शुद्ध पाण्यातला ३२.५ टक्के युरिया. युरिया म्हटलं की शेतकऱ्याच्या मनात लगेच गोणी येते. शेतातला युरिया पाण्यात विरघळवून त्या टाकीत कधीही टाकू नका. खताच्या युरियातली अशुद्धता महागडी यंत्रणा कायमची बिघडवते. सीलबंद डबा घ्या आणि उन्हात साठवू नका.

ही यंत्रणा काढून टाकलेले जुने ट्रक विकायला दिसतात. ते बेकायदा आहे, आणि पुढे दुरुस्तीला किंवा विकायला गेलात की अडचण तुमची.

शेतासाठी मिळणारं लाल डिझेल पिकअपमध्ये चालतं का?

रस्त्यावर चालणाऱ्या पिकअपमध्ये नाही. त्यावर रस्त्याचा कर भरलेला नसतो, म्हणूनच लाल रंग घालतात. टाकीत सापडलं तर संघराज्याचा दंड १,००० डॉलर किंवा गॅलनमागे १० डॉलर, यातलं जे जास्त असेल ते. ट्रॅक्टरसाठी वेगळी टाकी ठेवा.

चुकून डिझेल ट्रकमध्ये गॅस भरला तर?

इंजिन सुरू करू नका, किल्लीही फिरवू नका. टो करून न्या आणि टाकी रिकामी करून घ्या. डिझेलच आतल्या पंपाला वंगण देतं, गॅस नाही. पंप खाल्ला गेला की त्याचा चुरा सगळ्या इंजेक्टरपर्यंत जातो आणि खर्च हजारो डॉलरवर पोचतो.

थंड राज्यात डिझेल गोठतं का?

मिनेसोटा, डाकोटामध्ये उन्हाळी डिझेल मेणासारखं घट्ट होऊन फिल्टर बंद करतं. तिथले पंप हिवाळ्यात मिश्रण बदलतात. ब्लॉक हीटर (इंजिन गरम ठेवणारा विजेचा हीटर) घ्या, रात्री प्लग लावा.

मला कमर्शियल लायसन्स (सीडीएल) लागेल का?

ट्रक आणि ट्रेलर यांच्या पाटीवरच्या मर्यादा मिळून २६,००१ पौंड किंवा जास्त, आणि त्यात ट्रेलर १०,००० च्या वर असेल, तर धंद्याच्या कामासाठी क्लास ए वर्गाचं सीडीएल लागतं. इथे पाटीवरचा आकडाही धरतात. १४,००० चा ड्युअली आणि १४,००० चा ट्रेलर मिळून २८,००० होतात, ट्रेलर रिकामा असला तरीही.

शेतकऱ्याला स्वतःचा माल शेतापासून १५० मैलांच्या आत नेताना सूट देण्याची मुभा राज्यांना आहे. भाड्याने दुसऱ्याचा माल नेलात तर ती सूट गेली. टेक्ससमध्ये सीडीएलमधून सुटलात तरी एवढ्या वजनाला बिनकमर्शियल क्लास ए लागतं. तुमच्या राज्याच्या लायसन्स कार्यालयात विचारा आणि विमा कंपनीलाही लेखी कळवा.

धान्याची ग्रॅव्हिटी वॅगन (खालच्या दारातून धान्य आपोआप ओतणारी गाडी) पिकअपला लावू का?

बुशेल हे इथलं धान्याचं माप, मक्याचा बुशेल ५६ पौंड. ३०० बुशेलची वॅगन भरली की नुसता मका १६,८०० पौंड होतो, आणि जुन्या वॅगनला बहुधा ब्रेक नसतात. तिचे टायरही हायवेच्या वेगासाठी केलेले नसतात. ती ट्रॅक्टरच्या मागे सावकाश न्यायची वस्तू आहे. कापणीच्या घाईत लोक पिकअपला अडकवतात. मी त्याला सरळ नाही म्हणतो.

ट्रेलरच्या टायरचं काय बघायचं?

बाजूला 'एसटी' (स्पेशल ट्रेलर, म्हणजे खास ट्रेलरसाठीचे) असं लिहिलेले टायरच लावा. नक्षी शिल्लक दिसली तरी पाच-सहा वर्षांनी बदला, कारण उभ्या ट्रेलरचे टायर उन्हाने आतून तडकतात. बनवल्याचा आठवडा आणि वर्ष टायरवरच चार आकड्यांत असतं. बऱ्याच एसटी टायरची वेगमर्यादा ६५ मैल असते. आखाच्या बेअरिंगला वर्षातून एकदा वंगण भरा, आणि वाटेत थांबलात की चाकाच्या मध्यावर हात ठेवून बघा. एकच चाक चटका देत असेल तर पुढे जाऊ नका.

गावाकडे महाराष्ट्रात पिकअपने असं ओढतात का?

तिकडे पिकअपच्या हौद्यातच दीड टनाच्या आसपास माल घालून बाजार समितीत नेतात. ओढायचं काम ट्रॅक्टरचं. उसाच्या हंगामात एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या दिसतात. वाहन वेगळं असलं तरी वजन कुठे बसवायचं आणि कसं थांबवायचं हे प्रश्न तेच आहेत. ज्या ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नाहीत आणि मागे रिफ्लेक्टर नाही, ती रात्रीच्या रस्त्यावर किती भीतीदायक असते हे सांगली-कोल्हापूरकडच्या वाचकांनी पाहिलेलं आहे. भावाला पुढच्या वेळी फोन कराल तेव्हा लाल रिफ्लेक्टर पट्ट्या लावल्यात का, एवढं जरूर विचारा.

ट्रेलर रिव्हर्स घेता येत नाही. काही युक्ती?

हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धरा. ट्रेलर ज्या बाजूला जायला हवा त्या बाजूला हात सरकवा. डावीकडे हवा, हात डावीकडे. थोडं थोडं सरकवा, ट्रेलर वळायला लागला की लगेच परत आणा. ट्रक आणि ट्रेलर यांची चाकूसारखी घडी पडायला लागली तर पुढे जाऊन सरळ करा, त्यात लाज नाही. आखूड ट्रेलर चटकन वळतो म्हणून शिकायला अवघड, लांब सोपा. एक रविवार रिकाम्या माळावर दोन डबे ठेवून सराव करा, आणि सोबत मागे उभं राहून खुणा करायला कुणाला तरी न्या. तो माणूस आरशात दिसेनासा झाला की तिथेच थांबायचं.